गुहेतील एकुलते बिऱ्हाड

काळी नदीचा उगम दिग्गीच्या डोंगराळ मुलखातला. याच जोयडा तालुक्यात कवळ्याची गुहा आहे. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याबरोबर विरघळलेला चुना येतो, थरावर थर चढतो आणि पिंडीचा आकार घेतो. महाशिवरात्रीला भाविक तिचेच दर्शन घेतात.

सह्याद्रीच्या याच रांगेत उत्तरेस, खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. तिचे वैभव पिंडीचे नव्हे, वटवाघळांचे! मोठे कान आणि मोकळी शेपटी असलेल्या येथील एका जातीला १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस यांनी मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांचे नाव दिले. पुढे जवळजवळ नऊ दशके साऱ्या जगाला या जातीचे हे एकच बिऱ्हाड ठाऊक होते. २००० सालाच्या सुमारास ती कंबोडियात व मेघालयात आढळली, तरी आजही ती दुर्मिळच आहे.

हा प्राणी कीटकांवर जगतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. दिवसा विजेरीचा झोत, धूर वा गलका यांनी कळप उधळला, तर झालेली हानी लवकर भरून येत नाही. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. परंतु गुहेच्या तोंडाशी कायद्याहून माणसाचा विवेकच अधिक उपयोगी पडतो.

वाचकहो, सुटीत आपण गावाकडे जातो, मुलांना रानवाटा दाखवतो. देवाच्या गाभाऱ्यात आपला आवाज आपोआप खाली येतो. हा संयम अशा गुहेच्या दारीही पाळावा आणि दारातूनच परतावे. मुलांना निसर्गाचा याहून चांगला धडा कोणता?