वहीची पाने आणि दीड हाताची तार

सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५५ फुटांच्याही वर चढले, तेव्हा आमच्या पेढीच्या जुन्या वह्या दोन दिवस पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर वहिनींनी पाने सुटी करून गच्चीवर वाळत घातली आणि पुतण्याने प्रत्येक पानाचे छायाचित्र फोनवर काढून ठेवले. पुढे बुरशी लागून मूळ पाने हाती धरवेनाशी झाली. राहिली ती छायाचित्रेच.

यंदा नवा फोन घेण्यापूर्वी ही छायाचित्रे संगणकावर उतरवावीत, म्हणून पुतण्या साताऱ्यास माझ्याकडे आला. तार जोडली, सारी छायाचित्रे निवडली आणि ‘कट’ करून संगणकात ‘पेस्ट’ केली. तासाभराने म्हणाला, “काका, पट्टी पुढे सरकतच नाही.” घाईत तार हलली आणि काम मध्येच तुटले.

हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरी येत असेल, म्हणून त्याची कारणे नीट समजून घेणे हिताचे आहे.

पहिले कारण तार. फोनसोबत मिळणारी तार बहुधा चार्जिंगसाठी दिलेली असते. काही स्वस्त तारांत माहिती वाहणारे धागेच नसतात. त्यांनी फोन चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही. इतर बहुतेक तारा सन २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० पद्धतीच्या असतात. तिचा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३०-४० मिळाले तरी भाग्य. सन २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चा कागदोपत्री वेग त्याच्या दहापट आहे. पण फोन, तार आणि संगणकाचे छिद्र ही तिन्ही त्या पद्धतीची असतील तरच तो लाभतो. साताऱ्याहून हमरस्त्याने कितीही वेगाने आलो, तरी पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळल्यावर त्या रस्त्याच्या चालीनेच जावे लागते, तसेच हे. टाइप-सी टोक दिसले म्हणजे वेग आला, असेही नाही. सन २०२३ च्या आयफोन १५ ला टाइप-सी टोक आहे, वेग मात्र यूएसबी २.० चाच.

दुसरे कारण देवघेवीची रीत. पूर्वी फोनमधील कार्ड संगणकास पेन ड्राइव्हसारखे उघडत असे. आताचे अँड्रॉइड फोन एमटीपी नावाच्या रीतीने बोलतात. तीत भांडाराची किल्ली फोनकडेच राहते आणि संगणक एकेक फाइल मागून घेतो. हळदीच्या शंभर पोत्यांसाठी एक पावती फाडणे निराळे आणि पोत्यागणिक पावती फाडणे निराळे. म्हणूनच एक मोठी चित्रफीत लवकर उतरते, पण तेवढ्याच वजनाच्या हजारो लहान फाइलींना कितीतरी अधिक वेळ लागतो.

यावर उपाय साधे आहेत. तार जोडल्यावर फोनच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. तार आखूड आणि चांगल्या प्रतीची घ्यावी. संगणकाच्या मागच्या बाजूच्या, बहुधा निळ्या रंगाच्या छिद्रात ती थेट लावावी. लहान फाइली पुष्कळ असतील तर फोनमध्येच त्यांची एक झिप फाइल बांधावी, अथवा महिन्यामहिन्याचे गट करून पाठवावेत. आयफोनधारकांनी फोटोंच्या सेटिंगमध्ये ‘कीप ओरिजिनल्स’ निवडावे. म्हणजे वाटेत प्रत्येक छायाचित्राचे रूप बदलण्याचा खटाटोप वाचतो.

सर्वांत महत्त्वाचे हे की ‘कट’ कधीही करू नये, ‘कॉपी’च करावी. काम झाल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण वजन ताडून पाहावे, पाच-दहा फाइली उघडून पाहाव्यात आणि मगच फोनमधील मूळ पुसावे. रोजमेळ जुळल्याखेरीज आपण गल्ला बंद करत नाही; येथेही तोच नियम. जीएसटीच्या कायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. ज्यांची बिले केवळ फोनमध्ये आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आमची संख्या जुळली नाही. दोन छायाचित्रे संगणकावर अर्धी करडी उघडली आणि फोनमध्ये त्यांचे मूळ उरले नव्हते. त्यांतील एक पान १९७२ च्या दुष्काळातील, वडिलांच्या हातचे. उधारीवर धान्य नेलेल्यांची नावे आणि पुढे व्याजाचा रकाना कोरा. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही.

वहिनींनी ते पान तेव्हा घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले होते, हे रात्री आठवले. तेथील प्रत आकसलेली, अक्षरे पुसट. आम्ही सांगलीस अण्णांना फोन लावला. पुतण्या अडखळत एकेक नाव वाचू लागला आणि अण्णा पलीकडून ते पुरे करू लागले. कोणाचे गाव सांगितले, कोणाच्या बैलजोडीची आठवण काढली. एकोणीस नावे लागली, चार लागली नाहीत. ती सारी पुतण्याने कोऱ्या वहीत शाईने उतरवली आणि न लागलेल्या चार नावांसाठी चार ओळी मोकळ्या सोडल्या.