'शाळेचं काय, ती बघेल!'

२०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीयांसाठीच्या कुशल कामगार व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. तेव्हापासून आमच्या पुण्यात कुठल्याही हळदीकुंकवाला जा, कुणाचा तरी जावई नाहीतर भाचा श्टुटगार्टला निघालेला असतोच. मग पगार, कर, थंडीचे कोट, कुकर न्यायचा की नाही, सगळ्यावर चर्चा होते. 'आणि मुलांची शाळा?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं. 'त्याचं काय, ती बघेल.'

ती बघतेच हो. पण नेमकं काय बघायचं हे तिला कुणी सांगत नाही. इथल्या सवयीने ती 'चांगली शाळा' शोधायला लागते. बोर्ड कुठलं, निकाल किती, बस येते का? जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही, बहुतेक मुलं तिथेच जातात आणि प्राथमिक शाळा बऱ्याच राज्यांत घराच्या पत्त्यावरून ठरते. म्हणजे घर भाड्याने घेतलं की शाळाही घेतली! आणि घर कोण घेतं? आधी पुढे गेलेला नवरा, ऑफिस जवळ पडेल अशा बेताने.

माझ्या मते शाळेच्या नावापेक्षा मूल कितवीत आहे हे महत्त्वाचं. तिथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत). मग वाटा फुटतात. गिम्नाझियमला, म्हणजे नाव तालमीसारखं असलं तरी शाळाच ती, प्रवेश मिळाला तर मूल थेट विद्यापीठाच्या रस्त्याला लागतं. आपल्याकडे घोर दहावीचा, तिथे दहाव्या वर्षाचा! नंतर वाट बदलता येते, पण ते सोपं नसतं. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये २०१२ पासून पालक म्हणतील ते चालायचं. २०२५-२६च्या प्रवेशांपासून ते बदललं. आता शिक्षकांची शिफारस, जर्मन-गणिताची चाचणी आणि पालकांची इच्छा या तिघांतले दोन कौल जुळावे लागतात, नाहीतर आणखी एक परीक्षा. शेजारच्या बव्हेरियात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली हवी. (तिथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. प्रगतिपुस्तकात '१' दिसला तर मुलावर ओरडू नका!)

आता बघा, सहा वर्षांची मुलगी नेणं वेगळं आणि नऊ वर्षांचा मुलगा नेणं वेगळं. ती खेळता खेळता भाषा उचलते. तो गणितात हुशार असतो, पण शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही. नवख्या मुलांना भाषेचे वर्ग मिळतात, बव्हेरियात थोडी सवलतही मिळते. चौथी मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून नेमणूक दोन-तीन वर्षांचीच असेल आणि मूल नऊच्या पुढे असेल, तर मी इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेच्या बाजूने आहे. फी जबर असते, कित्येक ठिकाणी वर्षाला १५-२० हजार युरो. ती कंपनी देणार का, हे नवऱ्याने सही करण्याआधी लेखी घ्यायचं. नंतर कुणी दाद देत नाही. मूल लहान आणि मुक्काम लांबचा असेल, तर मात्र खुशाल गल्लीतली शाळा.

राहता राहिली 'ती'. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला तिथे नोकरीची मुभा असते. पण प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी दुपारी बारा-एकला सुटते आणि पुढच्या सांभाळाच्या जागा मोठ्या शहरांत अपुऱ्या. इथे दहा वर्षं नोकरी केलेली बाई तिथे डबे भरत बसते, ती अशी. २०२१च्या कायद्याने दिवसभराच्या सांभाळाचा हक्क दिलाय, तोही ऑगस्ट २०२६पासून पहिलीच्या मुलांना आणि मग टप्प्याटप्प्याने २०२९पर्यंत चौथीपर्यंत. तेव्हा घर बघतानाच विचारून ठेवा, दुपारी मुलांना ठेवून घेतात का?

आणि एक. कंपनी जर्मनचा क्लास लावून देते तो त्याला. शाळेची पत्रं वाचायची, पालकसभेला बसायचं, चौथीच्या बाईंशी शिफारशीबद्दल बोलायचं, हे सगळं जर्मनमध्ये करायचं असतं तिला. क्लास दोघांसाठी मागा, आणि तोही विमानात बसायच्या निदान सहा महिने आधी.