शब्दांवाचून स्मरण

इस्रायलमध्ये प्रतिवर्षी वसंत ऋतूतील एका सकाळी दहा वाजता भोंगा वाजतो आणि दोन मिनिटे सारे राष्ट्र जागच्या जागी उभे राहते. भर रस्त्यात मोटारी थांबतात, माणसे खाली उतरून मान लववितात. हिटलरच्या राजवटीने ज्या 60 लाख ज्यूंची हत्या केली, त्यांचे हे स्मरण. त्या दोन मिनिटांत कोणी बोलत नाही. उभे राहणाऱ्यांत आपल्या कोकणातून गेलेली बेने इस्रायली कुटुंबेही असतात. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांचे हे वंशज. युरोपातील छळछावण्यांत यांपैकी बहुतेकांचे रक्ताचे कोणी गेले नव्हते. तरीही भोंगा वाजताच तेही उभे राहतात.

नेरमध्ये बसून हे आठवण्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी व चार मुलांसह पवनारजवळील दत्तपूर येथे जीवनयात्रा संपविली. 2017 पासून त्या दिवशी किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. या दोन घटनांची तुलना येथे अभिप्रेत नाही. तो राज्यसंस्थेने योजनापूर्वक केलेला नरसंहार होता. ही कर्ज, नापिकी आणि धोरणे यांनी केलेली कोंडी. दोहोंना एकच माप लावणे दोन्हीकडील मृतांवर अन्याय करणारे ठरेल. साम्य आहे ते स्मरणाच्या रीतीत.

आपली रूढ रीत सर्वांच्या परिचयाची आहे: प्रतिमेला हार, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय समारोप, आभार आणि चहा. श्रद्धांजलीची दोन मिनिटे पाऊण मिनिटात उरकतात. उपवासाचीही आपण हीच गत केली आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी! 19 मार्चला साबुदाणा भिजत घालावयाचा असेल, तर तो दिवस न पाळलेला बरा.

उपाशी राहून कोणाचे कर्ज फिटते, असा प्रश्न येईल. फिटत नाही. परंतु नेरच्या शाळांत व कचेऱ्यांत बसणारे आपण बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले आहोत, आणि पहिल्या तारखेच्या पगाराने आपल्याला बांधापासून फार दूर आणले आहे. दुपारच्या सुटीत हात सवयीने डब्याकडे जातो आणि रिकामा परततो, तेव्हा हे अंतर जसे जाणवते तसे व्याख्यान ऐकून जाणवत नाही.

म्हणून एक सूचना. येत्या 19 मार्चला शिक्षकांनी व कारकुनांनी, प्रकृती साथ देत असेल तर, स्वेच्छेने अन्नत्याग करावा. विद्यार्थ्यांना मात्र उपाशी ठेवू नये. त्यांनी प्रांगणात पुरती दोन मिनिटे एकत्र उभे राहावे. फळ्यावर आदल्या दिवशी नाव, गाव आणि तारीख एवढेच लिहिलेले असावे. मुले प्रश्न विचारतीलच. त्यांची उत्तरे 20 मार्चच्या पहिल्या तासाला देता येतील. ध्वनिक्षेपक तेवढा भाड्याने आणू नये.