मायक्रोग्लियावरचं आरोपपत्र

‘अल्झायमर म्हणजे मेंदूला आलेली सूज. मेंदूतल्या प्रतिकार पेशी बिथरतात आणि आपल्याच चेतापेशींवर उठतात. त्यांना शांत करा, आजार आटोक्यात येईल.’ आरोग्य पुरवण्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि हळदीच्या कॅप्सूलांच्या जाहिराती यांतून हे विधान इतकं फिरलं आहे की आता ते कुणी तपासतही नाही. ते अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त घातक आहे. साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या घरांमध्ये असल्या अर्धसत्यावर पैसा खर्च होतो आणि आशाही.

पूर्वपक्ष मात्र त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. स्पेनच्या पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये मेंदूतल्या या प्रतिकार पेशी चांदीच्या रंगद्रव्याने वेगळ्या ओळखून दाखवल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिलं. अल्झायमरच्या मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठींभोवती त्या गर्दी करून असतात, हे पुढे असंख्य वेळा दिसलं. संधिवातासाठी वर्षानुवर्षं दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांना अल्झायमर कमी होतो, असं निरीक्षण आलं. रॉटरडॅममधल्या सुमारे ७,००० लोकांच्या पाहणीतून २००१ मध्ये त्याला दुजोरा मिळाला. २०१३ मध्ये जर्मनीतल्या मायकेल हेनेका यांच्या गटाने उंदरांमधलं दाहाचं एक रेणवीय यंत्र बंद पाडलं, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती टिकून राहिली. २०१६ मध्ये बोस्टनच्या बेथ स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की गाठी दिसू लागण्याआधीच चेतापेशींच्या जोडांवर प्रतिकार यंत्रणेतल्या पूरक प्रथिनांची खूण बसते आणि मायक्रोग्लिया ते जोड गिळतात. हा पुरावा किरकोळ नाही. मायक्रोग्लिया निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. ‘त्यांना शांत करा’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

कारण तो निष्कर्ष माणसांवर तपासून झाला आहे. २००३ मध्ये आजार जडलेल्या रुग्णांना वर्षभर नॅप्रोक्सेन किंवा रोफेकॉक्सिब हे दाहशामक औषध दिलं, फरक शून्य. मग म्हटलं गेलं की उशीर झाला, आजाराआधी द्यायला हवं होतं. तेही झालं. घरात अल्झायमरचा इतिहास असलेल्या, पण स्वतः धडधाकट असलेल्या सुमारे अडीच हजार ज्येष्ठांना नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब किंवा नुसती साखरेची गोळी देणारी चाचणी अमेरिकेत सुरू झाली. हृदयाच्या धोक्याच्या चिंतेने २००४ च्या डिसेंबरात ती थांबवावी लागली, आणि पुढच्या पाठपुराव्यातही संरक्षण दिसलं नाही. मॉन्ट्रियलमध्ये पुन्हा दोन वर्षं नॅप्रोक्सेन देऊन पाहिलं. २०१९ मध्ये आलेलं उत्तर तेच, वर पोटाचे त्रास वेगळे. हळदीतल्या कर्क्युमिनचीही एक छोटी चाचणी २४ आठवडे चालली, लाभ दिसला नाही. पाहणीत दिसलेला संबंध चाचणीत विरतो, तेव्हा मान चाचणीला द्यायचा असतो. गोळ्या नियमित घेणारी आणि न घेणारी माणसं इतर शंभर बाबतींत वेगळी असतात.

पण माझा खरा आधार जनुकांचा आहे. २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन स्वतंत्र गटांचे शोध एकत्र छापून आले; त्यांतला एक आइसलंडचा. ट्रेम-२ नावाच्या ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) जनुकात एका अक्षराचा विशिष्ट बदल असेल, तर अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो. मेंदूत हा ग्राहक जवळजवळ फक्त मायक्रोग्लियावरच असतो, आणि त्या बदलाने तो दुबळा होतो. आता पूर्वपक्षाने सांगावं: या पेशींचं सक्रिय होणं हाच आजार असेल, तर त्यांना सक्रिय करणारा ग्राहक लुळा पडल्यावर धोका घटायला हवा होता. तो वाढला कसा? आणि ज्यांच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात, त्यांना नासू-हाकोला नावाचा दुर्मीळ आजार होतो. हाडांत पोकळ्या पडतात आणि ऐन चाळिशीच्या आसपास स्मृतिभ्रंश गाठतो.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं तेही पाहू. निरोगी ट्रेम-२ असलेल्या उंदराच्या मेंदूत अमायलॉइडच्या गाठीला मायक्रोग्लियांनी दाट कडं केलेलं असतं. त्यांचे फाटे गाठीला घट्ट बिलगतात, गाठ आवळलेली आणि कडा गुळगुळीत राहते. ट्रेम-२ नसलेल्या उंदरात कडं विरळ होतं. गाठीच्या कडांवरून अमायलॉइडचे तंतू काट्यांसारखे बाहेर येतात आणि शेजारून जाणारे चेतातंतू फुगून वेडेवाकडे होतात. तो धोकादायक जनुकबदल असलेल्या माणसांच्या मेंदूतही हीच मोडतोड आढळली. गाठीभोवतीची जी गर्दी आपण हल्ला समजत होतो, तिचा मोठा भाग बांध घालण्याचं काम करत होता. जखमेपाशी वैद्य दिसला म्हणून जखम त्यानेच केली, असं आपण म्हणत नाही.

मुळात आजारात मायक्रोग्लिया ‘जाग्या’ होतात हे म्हणणंच चुकीचं आहे, कारण त्या झोपलेल्या नसतात. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या कवटीचं हाड पातळ करून आतलं चित्रण केलं गेलं. एकही आजार नसताना प्रत्येक पेशीचे फाटे अखंड पुढे-मागे होत आसपासचा परिसर चाचपत होते. लेझरने बारीकशी इजा केली, तर काही मिनिटांत शेजारच्या पेशींचे फाटे तिथे पोचत होते.

पूर्वपक्षाकडे एक भक्कम उत्तर आहे, ते टाळून चालणार नाही. टाऊ प्रथिनाने आजारी झालेल्या उंदरांमध्ये ट्रेम-२ काढून टाकला, तर मेंदूची झीज कमी झाली, असं २०१७ मध्ये दिसलं. म्हणजे तोच ग्राहक अमायलॉइडसमोर रक्षक ठरतो आणि टाऊसमोर घातक. माझं प्रतिपादन इथेच उभं आहे. या पेशींना एक स्वभाव नाही; त्या कोणत्या टप्प्यावर, कशासमोर आणि किती थकलेल्या आहेत, यावर त्यांचं काम ठरतं. त्याच वर्षी इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या इदो अमित यांच्या गटाने एकेका पेशीतली जनुकांची हालचाल वाचून दाखवलं की आजाराला तोंड देणारी त्यांची अवस्था पायरीपायरीने येते आणि दुसरी पायरी ट्रेम-२ शिवाय चढता येत नाही. थकव्याचा पुरावाही आहे. आलोइस अल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर या रुग्णाच्या मेंदूत अमायलॉइडच्या गाठी आणि टाऊच्या गुंत्यांसोबत ग्लिया पेशींत साठलेली चरबीही नोंदवली होती. शंभर वर्षं तिकडे कुणी फारसं पाहिलं नाही. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की एपीओई-४ हे धोक्याचं जनुक असलेल्या रुग्णांमध्ये मायक्रोग्लिया चरबीच्या थेंबांनी गच्च भरतात आणि त्यांच्या स्रावाने चेतापेशींतलं टाऊ बिघडतं. मला हे बंड वाटत नाही. आयुष्यभर साफसफाई करून पचवता येईनासं झालेल्या पेशींचं हे लक्षण आहे.

आता उपचारांकडे वळू. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकॅनेमॅब या प्रतिपिंड औषधाकडे पाहा. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत दीड वर्षात ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी, आणि दर आठ रुग्णांमागे साधारण एकाच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली. लाभ माफक आहे, त्याचा गाजावाजा मला पटत नाही. पण अमायलॉइड उचलतं कोण? प्रतिपिंड फक्त खूण करतं. गिळण्याचं काम मायक्रोग्लिया करतात. आजाराची गती खरोखर कमी करणारी पहिली औषधं या पेशींना शांत करून नव्हे, कामाला लावून परिणाम करतात.

मग त्यांना नुसतं चेतवावं का? इथेही घाई नको. ट्रेम-२ ला उद्दीपित करणाऱ्या प्रतिपिंडाची मोठी चाचणी नोव्हेंबर २०२४ मध्ये अपयशी जाहीर झाली. औषध ग्राहकापर्यंत पोचलं, पेशी हलल्याच्या खुणाही मिळाल्या. रुग्णांचा ऱ्हास मात्र थांबला नाही. ‘बघा, सिद्धांत बुडाला’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की औषध कोणत्या टप्प्यावर दिलं होतं. त्या रुग्णांमध्ये लक्षणं सुरू झाली होती, म्हणजे गाठी साठायला लागून बहुधा दीड-दोन दशकं उलटली होती आणि टाऊ पसरू लागलं होतं. ट्रेम-२ चा उपयोग गाठी नुकत्या धरू लागतात तेव्हा जास्त असणार, असं उंदरांवरचे प्रयोग सांगतात. रक्तातल्या टाऊच्या चाचणीने आता लक्षणं नसलेली, पण मेंदूत अमायलॉइड साठू लागलेली माणसं शोधता येऊ लागली आहेत. पुढची चाचणी त्यांच्यावर व्हावी, आणि त्यात मायक्रोग्लियाची अवस्था आधी मोजून मगच औषध द्यावं.

तोवर विसरभोळ्या आईला ‘मेंदूची सूज उतरावी’ म्हणून रोज दाहशामक गोळी देणाऱ्या मुलांनी ती आजच बंद करावी आणि डॉक्टरांशी बोलावं. त्या वयात या गोळ्या पोटात रक्तस्राव करू शकतात आणि मूत्रपिंडांवर भार टाकतात. त्याच पैशांत तिचा रक्तदाब तपासून घ्यावा, कानाला यंत्र लागतंय का तेही पाहावं.