बिनधुराची शेगडी

नागपूर म्हटलं की सगळ्यांना मे महिना आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. टिनाचं छप्पर उन्हाळ्यात जितकं तापतं तितकंच हिवाळ्यात गारठतं. थंडी दीड-दोन महिन्यांची, म्हणून तिची सोय कुणी करत नाही. ती घरातली बाई करते, विस्तव पेटवून.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत मी काही वर्षं काम करते आहे. तिथल्या महिला मंडळाच्या बैठकीत मी चुलीच्या धुरावर बोलले होते. एम. एस. डब्ल्यू. झालेली बाई बोलते तसंच: दमा, डोळ्यांचे विकार, कमी वजनाची बाळं. बायकांनी ऐकून घेतलं. पुढच्या जानेवारीत त्यांच्यातल्याच एकीकडे गेले. सून बाळंत होऊन बारा दिवस झालेले. दार लावलेलं, खिडकी नव्हतीच, छपराखालच्या फटीत गोणपाट कोंबलेलं आणि बाजेखाली शेगडी. सून सकाळपासून डोकं धरून होती, दोनदा उलटी झाली होती. सासू म्हणाली, नजर लागली. मी शेगडीकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, "तुम्हीच तं सांगतलं ना ताई, धूर वाईट असते म्हणून. चूल बाहेर काढली. इच्यात धूर कुठी हाय?"

शेगडी अंगणात नेली, दार सताड उघडलं, मायलेकींना बाहेर आणलं, मग दवाखाना. दोघी वाचल्या. चूक माझी होती, सासूची नाही.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं. हा वायू चूलही सोडते. पण तिचा धूर निदान डोळ्यांत जातो, खोकला आणतो, दार उघडायला लावतो. शेगडी तेवढाही इशारा देत नाही. धूर गेला म्हणजे धोका गेला, हे समीकरण आम्हीच बायकांच्या हाती दिलं.

आणि ते एकट्या माझं नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, २००२ मध्ये गुंडाळला गेला. २०१६ मध्ये उज्ज्वला आली. चूल म्हणजे स्वयंपाक, असंच सगळ्यांनी धरलं. पण चुलीवर पहाटे सहा माणसांचं अंघोळीचं पाणी तापतं, बाळाला शेक मिळतो, म्हातारी हात शेकते, ओले कपडे वाळतात. १४.२ किलोचं सिलिंडर या सगळ्यावर जाळणं कुणाला परवडेल? मग गॅस कोपऱ्यात झाकून ठेवतात आणि साहेब म्हणतात, "यांची मानसिकताच बदलत नाही." हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. हिशेब तिचा चोख आहे, तुमच्या योजनेत उबेचा रकानाच नाही. कोराडी-खापरखेड्याची राख आमच्याकडे उडते, पण दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, तो या घरात कोण लावणार? तिकडे पेंचच्या जंगलालगतच्या गावांत हीच ऊब मोळी बांधून डोक्यावर आणावी लागते, वाघाच्या वाटेवरून.

तेव्हा चूल की शेगडी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर: बंद खोलीत दोन्ही नको. शेगडी अंगणात पेटवा, आत आणली तर दार किलकिलं ठेवा आणि डोळा लागण्याआधी ती बाहेर काढा. बाळाला उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्या, याहून चांगली ऊब नाही. बापाच्या छातीशीही चालतं. हे मुद्दाम सांगते, कारण सहसा कुणी सांगत नाही. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत आशाताई अनेकदा घरी येते, बाळाचं वजन घेते. तिने बाजेखालीही वाकून पाहावं. घरकुलाला मंजुरी देणाऱ्यांनी भिंतीत वर झरोका आहे की नाही ते पाहावं.

हे सगळं मागच्या बैठकीत मांडलं. एकजण म्हणाली, "शेगडी बाहेर काढली, अन् रात्री दोन वाजता लेकरू गारठलं तं?" मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने कुणीतरी गोधड्यांची गोष्ट काढली. मंडळाच्या बचतीतून चार जाड गोधड्या शिवायच्या, त्या बाळंतिणीच्या घरी सव्वा महिना ठेवायच्या, मग धुऊन पुढच्या घरी. पहिल्या दोन शिवून झाल्या आहेत. तिसरीला कापड कमी पडतं आहे.