हत्तीची पेटी

माझ्या आजीने पहिले मत दिले ते जानेवारी 1952 मध्ये. गिरणगावातल्या चाळीतल्या बायका पहाटेच आवरून घोळक्याने निघाल्या होत्या. तेव्हा उमेदवारांची नावे छापलेली मतपत्रिका नव्हती. दर उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याच्या चिन्हाचे चित्र. मतदारसंघ दुहेरी, म्हणजे दोन खासदार निवडणारा, असल्याने आजीच्या हातात दोन कागद आले. एक तिने हत्तीच्या पेटीत टाकला, दुसरा झाडाच्या. हत्ती शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा, म्हणजे बाबासाहेबांचा, आणि झाड समाजवाद्यांचे, अशोक मेहतांचे. "आमाला अक्षर येत नव्हतं, पण हत्ती कुनाला वळखू येत नाय?" असे ती सांगायची, आणि सांगताना अजून रांगेत उभी असल्यासारखी पदर सावरायची.

बाबासाहेब त्या निवडणुकीत हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर साधारण साडेचौदा हजार मतांनी पुढे गेले. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर त्यातले एक मत बाद होत असे, आणि अशी हजारो मते बाद झाली. मते ठरवून कुजवली गेली, हा सल फेडरेशनच्या माणसांच्या मनातून कधीच गेला नाही. आंबेडकर आणि मेहता दोघांनी निकालाला आव्हान दिले, तो अर्ज फेटाळला गेला. दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हीच जोडी उभी राहिली. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. दुसरे मत कुजवा, म्हणजे तुम्ही निवडून याल, असे कार्यकर्ते सुचवत होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही. पक्षाचा वारसा म्हणून मला सगळ्यात आधी हा नकार आठवतो.

3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात फेडरेशनचा रिपब्लिकन पक्ष झाला. या पक्षाची कल्पना बाबासाहेबांची, पण तो उभा राहिलेला पाहायला ते नव्हते. दोन वर्षांतच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. हे शब्द आमच्या घरात भांडणातही वापरले जात. तरीही ह्याच पक्षाने, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली, 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. कसेल त्याला पडीक जमीन द्या, मजुराला किमान वेतन द्या, म्हणत लाखो माणसे तुरुंगात गेली. बायका तान्ही लेकरे घेऊन गेल्या. मराठवाड्यात आज गायरानाच्या तुकड्यावर ज्वारी काढणाऱ्या माणसाला त्या पक्षाचे सध्याचे चिन्ह विचारा, सांगता येणार नाही. सत्याग्रहाचे विचारा, तो बसायला घोंगडी टाकील.

1962 मध्ये पक्षाचे तीन खासदार लोकसभेत गेले, तिघेही उत्तर प्रदेशातून. महाराष्ट्रातून एकही नाही. पुढे गटांचे गट होत गेले आणि हत्तीही हातचा गेला. पुण्यात नोकरी करताना रिपब्लिकन पक्षाचे काम केलेले कांशीराम यांनी 1984 मध्ये बहुजन समाज पक्ष काढला, आणि हत्ती पुढे त्यांच्या पक्षाकडे गेला. उत्तरेत तो सत्तेपर्यंत चालत गेला याचा मला आनंदच आहे. पण ज्या चाळींनी त्याला पहिल्यांदा ओळखले, त्यांचे काय?

रिपब्लिकन गटांची एकी झाली की काय होते, हे 1998 मध्ये दिसले. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चौघे एकाच वेळी लोकसभेत गेले, आणि तेही खुल्या मतदारसंघांतून. ती एकी टिकली नाही. हा दोष आमचा आहे, तो नियमांवर ढकलून चालणार नाही.

पण नियमांचेही बोलले पाहिजे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा लागतात. त्यातली एक सही चुकली की अर्ज बाद. लोकसभेची अनामत 25 हजार, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला निम्मी. आणि एक षष्ठांश मते पडली नाहीत तर तीही जप्त. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांची नावे येतात, मग नोंदणीकृत पक्षांची, मग अपक्षांची. राज्य पक्ष म्हणून मान्यता आणि तिच्यासोबत कायमचे चिन्ह हवे असेल, तर लोकसभेला राज्यात 6 टक्के मते आणि एक खासदार पाहिजे, किंवा खासदार नसला तर 8 टक्के मते. 2019 मध्ये प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीला महाराष्ट्रात जवळपास 7 टक्के मते मिळाली आणि स्वतःचा एकही खासदार आला नाही. एवढ्या माणसांचे मत पडूनही कायमचे चिन्ह मिळाले नाही.

ज्याच्याकडे वर्तमानपत्र आहे, कारखाना आहे, गावोगावी गाड्या पाठवायला पैसा आहे, तो नवे चिन्ह पंधरवड्यात घरोघर पोचवतो. ज्याच्याकडे फक्त भिंत आणि निळीचा डबा आहे, त्याची सगळी पुंजी चिन्हात असते. माणसे पिढीमागून पिढी एका चित्राशी बांधली जातात, आणि दर निवडणुकीला ते चित्र पुसून नवे काढायचे. मान्यता गमावलेल्या पक्षाला जुने चिन्ह सहा वर्षे वापरण्याची सवलत आहे. पण जो पक्ष त्या उंबऱ्याच्या आत कधी गेलाच नाही, त्याला ती कशी लाभणार? सलग दोन निवडणुका लढवून ठरावीक मते टिकवणाऱ्या पक्षाला त्याचे चिन्ह राखून ठेवा, खासदार असो वा नसो, एवढे माझे मागणे आहे.

2019 च्या उन्हाळ्यात आजी नव्वदीची होती. वंचितचे चिन्ह कपबशी होते. नातवंडांनी तिला घरातली कपबशी दाखवून पाठ करून घेतले. ऑक्टोबरमध्ये विधानसभा आली, तोवर चिन्ह गॅस सिलिंडर झाले होते. आम्ही रिक्षात तिला तीनदा सांगितले. मतदानाच्या खोलीत ती एकटीच आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा बोटावर शाई होती. मी विचारले, "झालं का आजी?"

ती म्हणाली, "लई शोधली रं. कपबशी नव्हती, हत्ती दिसला. त्यालाच दाबलं."