लेकाकडे दुबईला निघालात? आधी बॅग तपासा



सुगी उरकत आली की आमच्याकडे एक पत्र हमखास येते. गाव वेगळे, नाव वेगळे, मजकूर एकच. ‘मुलगा दुबईला नोकरीला आहे. यंदा आम्हां दोघांना महिनाभर बोलावले आहे. आम्ही मुंबईपलीकडे कधी गेलो नाही. काय न्यावे, कसे वागावे, ते लिहा.’

लिहिते. पण आधी माझी फजिती ऐका. माझ्या धाकट्याला अनारसे फार आवडतात. त्याच्याकडे पहिल्यांदा निघाले तेव्हा डबाभर तळून बॅगेत तळाशी ठेवले. रात्री त्याचा फोन आला. ‘आई, काय काय आणतेस?’ मी अनारशांचे नाव काढले. तो एकदम म्हणाला, ‘आई, त्यांना खसखस लावलीय ना? आत्ताच्या आत्ता बाहेर काढ.’ मला हसू आले. त्याला मात्र आले नाही.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, मंदसोर-नीमच भागात, सरकारी परवान्याने अफूचे पीक घेतात. बोंडाला चिरा देऊन चीक काढायचा आणि बोंड वाळले की खसखस. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते. दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत तीच खसखस अमली पदार्थांत धरतात. मूठभर असो की चिमूटभर, कायदा तोच. ‘आमच्याकडे सणाला करतात हो’ हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगून उपयोग नाही.

म्हणून भगिनींनो, डबे भरण्याआधी आठवून पाहा. अनारसे, करंजीचे सारण, डिंकाचे लाडू, काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, या सगळ्यांत खसखस पडते. न्यायचेच असेल तर खसखस न घालता, धुतलेल्या भांड्यात वेगळे करा. अनारशाला तीळ लावा, छान लागतात. पापड, कुरडया, शेवया, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कोणत्याच बॅगेत भरू नका. खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेते, म्हणून विमानात चालत नाही. लोणचे आणि तूप पक्के बांधून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत अडवतात. अडकित्ता आणि पानाची चंची घरीच राहू द्या. दुबईत पान-गुटख्याला बंदी आहे, आणि रस्त्यात थुंकले तर दंड आहे.

दुसऱ्याचे पुडके

आता खरे अवघड काम. तुम्ही दुबईला निघालात हे गावात लपत नाही. आदल्या दिवशी कोणी ना कोणी येतेच. ‘काकी, आमच्या बाळूला एवढे द्याल का? औषधच आहे, वजन काही नाही.’ नाही म्हणायला जीभ रेटत नाही. उद्या बांधाला बांध, विहिरीला विहीर लागून राहायचे असते.

तरीही नाही म्हणा. २०१९ साली मुंबईचे एक जोडपे दुबईच्याच बाजूच्या कतार देशात, दोहा शहरी गेले. नातेवाइकाने दिलेले पुडके त्यांच्या बॅगेत होते. विमानतळावर उघडले तर आत चरस. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. त्यांना फसवले गेले हे पुढे आपल्याकडच्या तपासात दिसून आले आणि २०२१ मध्ये ती सुटून घरी आली. पण तोवर पावणेदोन वर्षे गेली. आणि पुडके देणारे काही परके नव्हते.

तेव्हा उत्तर आधीच ठरवून ठेवा. ‘मुलाने सक्त ताकीद दिली आहे, दुसऱ्याचे काही आणलेत तर विमानतळावरून परत पाठवीन.’ दोष मुलाच्या माथी मारा. तो लांब आहे, त्याच्यावर कोणी रुसत नाही. विमानतळावर अनोळखी माणसाने ‘जरा बॅग सांभाळा’ म्हटले, तरी हेच धोरण.

औषधे

रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. सुट्या गोळ्या पुडीत बांधून नेऊ नका. सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी हवी. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांवर तिथे कडक निर्बंध आहेत. अगोदर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी लागते. डॉक्टरांना सगळी औषधे दाखवा आणि यातले काही आहे का ते स्पष्ट विचारा. रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग एखादे वेळी मागे राहते.

कागदपत्रे

पासपोर्टची मुदत निदान ६ महिने शिल्लक हवी. त्यावर नाव आणि आडनाव दोन्ही आहेत ना, ते पाहा. नुसते एकच नाव असलेल्या पासपोर्टावर २०२२ पासून तिथे अडचण येते. परतीचे तिकीट जवळ ठेवा. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलात तर दर दिवसाचा दंड पडतो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन-दोन प्रती काढा. एक घरी ठेवा, एक बॅगेत. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून दोघांच्याही खिशात वेगवेगळा ठेवा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग दुबईतली भारताची वकिलात. परत येण्यापुरता कागद ती करून देते.

अंगावर बरेच दागिने असतील तर निघतानाच मुंबई विमानतळावर कस्टमकडून त्यांचा दाखला घ्या. येताना कटकट होत नाही. आणि तिथे सोने स्वस्त म्हणून भुलू नका. दागिन्यांवरची सूट वर्षाहून जास्त परदेशी राहिलेल्यांना आहे, महिनाभराच्या पाहुण्याला नाही.

तिथे पोचल्यावर

घड्याळ दीड तास मागे करा. रस्ता ओलांडताना आपली सवय विसरा. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे पाहा. ठरल्या जागेखेरीज ओलांडले तर दंड होतो, आणि गाड्यांचा वेग पाहिलात तर दंडाची गरजच वाटणार नाही. मेट्रो २००९ साली सुरू झाली, तिला चालक नाही. बायका-मुलांसाठी वेगळा डबा आहे. आत खाणे-पिणे मना आहे, पाण्याचा घोटही उतरल्यावरच घ्या. खास बायकांसाठी गुलाबी टपाच्या टॅक्सी आहेत, त्या बायकाच चालवतात. बर दुबई ते देरा खाडी ओलांडायला ‘अब्रा’ नावाची लाकडी होडी मिळते. त्यात जरूर बसा.

परक्या बायकांचे, पोलिसांचे किंवा सरकारी इमारतींचे फोटो काढू नका. तिथे तो गुन्हा ठरू शकतो. भांडणात शिवी देणे, मोबाइलवरून कोणाला वाईट लिहिणे, हेही तसेच. रमजानचा महिना असेल तर दिवसा चारचौघांत खाणे टाळा.

जून ते सप्टेंबर जाऊच नका. तिथल्या सरकारने १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी घातलेली आहे, यावरून उन्हाची कल्पना करा. नोव्हेंबर ते मार्च बरे. अडचणीला पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिकेचा ९९८, आगीचा ९९७. आखातात तणाव वाढला की विमाने थांबतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यात परराष्ट्र खात्याची सूचना आणि बातम्या पाहा.

एक शेवटचे. सोबत गावातला एखादा पोरगा ‘फिरायला’ म्हणून येत असेल आणि एजंटाने त्याला तिथे नोकरीचे सांगितले असेल, तर त्याच्या आई-बापांना आधीच सावध करा. व्हिजिट व्हिसावर नोकरी करणे तिथे कायद्याविरुद्ध आहे. पैसे एजंट घेतो, भोगतो पोरगा.

निघायच्या आदल्या रात्री दोघांनी बसून बॅग पुन्हा रिकामी करा. एकेक वस्तू उचलून विचारा, ‘ही कोणाची? आत काय?’ दोन्ही उत्तरे आली तरच आत ठेवा. मी त्या रात्री अनारसे काढले आणि सकाळी आळीत वाटून टाकले. पोरगा विमानतळावर हसत समोर आला, तेव्हा त्याने डब्याची चौकशीसुद्धा केली नाही.

सुखाने जा, सुखाने या.